नऊशे ग्रॅम

पहाटे कॉम्प्युटर म्हणाला, असं गाव नाही.
तीन अक्षरं टाइप केली, पुन्हा केली,
लाल चौकट, आणि टिंग.
वीस वर्षांपूर्वी कुणीतरी यादीतून अस्मारा पुसलं होतं.
पुसणाराही एव्हाना पेन्शनीत.
शेवटी साहेबांनी मार्कर दिला
आणि पहिल्या विमानाची सगळी लेबलं
मी हातानं लिहिली,
शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचे त्या अक्षरात.

माझं काम वजनाचं.
तेवीस किलोच्या वर ग्रॅमही सोडत नाही मी,
पण त्या दिवशी काट्याकडे बघायचं नाही
हे आम्ही न ठरवता ठरवलं होतं.
मिरचीच्या मसाल्याची पोती.
लग्नाच्या पत्रिका, लग्नाला अकरा वर्षं उलटलेल्या.
एका बाईनं आईसाठी चष्मे घेतले होते, सहा.
नंबर माहीत नव्हता, म्हणून सगळे वेगवेगळे.

मग गेब्रेयेस आले.
कोट दुसऱ्या कुणाचा असावा, खांद्यांत सैल.
बॅग नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी
त्यांनी काट्यावर ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.
नऊशे ग्रॅम.
सायकलचा पंप.

सिक्युरिटीची माहलेत धावत आली.
नळी, दट्ट्या, आत कोंडलेली हवा,
यातलं काय चालतं, काय नाही?
तिनं नियमांचं पुस्तक चाळलं,
मग वैतागून दट्ट्याच दाबला.
तिच्या कपाळावरचे केस उडाले.
अख्खी रांग हसली.

"ओकबाझगीचा आहे," ते म्हणाले,
"कझांचिसमध्ये भिंतीला भिंत लागून राहायचा.
संध्याकाळी मागून आणला, म्हटलं सकाळी देतो.
रात्री बस आली.
सकाळी मी पंप घेऊन त्याच्या दारात,
आणि दाराला सील."

वीस वर्षं.
आमच्या पंचांगात वर्षाचे महिने तेरा.
"टपालानं तरी..." म्हणता म्हणता मी जीभ चावली.
टपाल कुठे होतं? फोन कुठे होता?
उत्तरेकडे जाणारा रस्ता तेवढा होता,
त्यावरून अयालनेह गेला, माझा धाकटा भाऊ,
ट्रकच्या मागच्या फळीवर, पाय खाली सोडून.
भरतीच्या दिवशी त्याचं वजन केलं होतं, छप्पन्न किलो.
तो कागद आईनं पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.
काट्यावर ठेवता येईल असं
परत काही आलं नाही.

पंपाला लेबल लावलं.
वर 'नाजूक'चं स्टिकर, उगाच.

आठवड्यानं माझी पाळी आगमनाला.
गेब्रेयेस बाहेर आले, हातात तोच पंप.
कागद मात्र नवा, तिकडच्या लिपीत, म्हणजे आमच्याच.

"ओकबाझगी गेला. सात वर्षं झाली.
लेमलेम भेटली, मुलगी त्याची. तेव्हा गुडघ्याएवढी होती,
आता तिची पोरं सायकलवर शाळेत जातात.
पंप तिनं उलटासुलटा करून पाहिला,
म्हणाली, वॉशर गेलंय, असा कसा परत घेऊ?
दुरुस्त करून घेऊन या."

ते हसत होते. मग हसत नव्हते.
"वॉशर नवं आहे हो.
निघायच्या आदल्या दिवशी मीच घातलं."

मागे ट्रॉल्यांची खडखड, कुणीतरी कुणाला ओरडून हाक मारत होतं.
मला दुसरंच विचारायचं होतं.
खिडकीची जागा मीच दिली होती त्यांना, डावीकडची.
त्या बाजूनं ती टेकाडं दिसतील
असा नकाशावर हिशोब करून.

काय दिसलं?

त्यांनी डोळे मिटून खरंच आठवून पाहिलं.
"ढग.
एकदा नदी, पाणी नसलेली.
सीमा कुठे लागते ते शोधत होतो,
तेवढ्यात कॉफी आली."