दुसरा ब्रेक

तळोज्याच्या पुढे, कंटेनरांचं जुनं यार्ड.
डांबरावर चुन्याच्या रेघा, वळणांना टायरांच्या उतरंडी,
आणि दुपारी, खऱ्या शर्यती जेवायला गेल्या की
आमच्यासारख्यांना चार फेऱ्या:
गाडी आपापली,
पुढे पिवळा दिवा लावलेली त्यांची गाडी,
तिच्या मागून, तिच्याच वेगानं.
ओव्हरटेक नाही. शूरपणा नाही.
पाचशे रुपये. हेल्मेट भाड्याचं,
त्यात कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास.

मी शाळेचीच गाडी आणली, दुसरी आहे कुठे?
दारावर ‘फणसेकर मोटार ट्रेनिंग, नेरूळ, सेक्टर एकोणीस’,
टपावर लाल एल.
रांगेतल्या पोरांनी फोटो काढले.
काढोत बापडे.

बावीस वर्षं मी डाव्या बाजूला बसते.
रस्ता मला डावीकडून पाठ आहे:
गटारांची झाकणं, रिक्षांची चाकं,
पाम बीचच्या कडेला फ्लेमिंगो बघत उभे राहिलेले लोक.
उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर, अधांतरी,
ना टेकलेला, ना उचललेला.
घरी जेवतानाही कधी कधी टेबलाखाली
तो तसाच असतो.

लायसन मिळालं की माणसं पेढे देतात.
पुढे सिग्नलला दिसली तर ओळख देत नाहीत.
त्यात गैर काही नाही,
आपलं घाबरलेलं तोंड पाहिलेल्या बाईला
कोण हात करील.

आज उजवीकडे मी.
डावीकडे लीलाताई कारखानीस, वय त्रेसष्ट,
शिकायला लागून अकरा दिवस.
म्हणाल्या, बघू तरी, तुम्हाला कितपत येतं.

पिवळा दिवा हलला.
पहिली फेरी म्हणजे नुसती वरात.
दुसरीत पुढच्यानं थोडं सैल सोडलं.
पन्नास. साठ. बहात्तर.
चौथा गिअर पडला, आणि करकरीत निघाला,
पाहुण्यांसाठी ठेवून कधीच न काढलेल्या कपबशीसारखा.

तिसरी फेरी, कंटेनरांमागचं वळण.
गाडी अडखळली.
मी काहीच केलं नव्हतं.
पिवळा दिवा लांब गेला, मागून हॉर्न.
खाली पाहिलं तर लीलाताईंची कोल्हापुरी
दुसऱ्या ब्रेकवर,
अंगठा पांढराफटक.

‘पाय काढा.’
‘मी कुठे काय केलं?’

हे वाक्य माझं आहे.
रोज चारदा म्हणते मी ते,
मान खिडकीकडे वळवून,
आणि शिकणाऱ्याला वाटतं, गाडी त्यानंच थांबवली.
किती जणांच्या चुका मी अशा
व्हायच्या आधीच गिळल्या,
त्यांची चव त्यांना कळूच दिली नाही.

चौथ्या फेरीला लीलाताईंनी चपला काढल्या,
सीटवर मांडी घातली, हेल्मेटसकट,
सत्यनारायणाला बसावं तशी.
डोळे मिटून म्हणाल्या, ‘जा आता.’

मी गेले.
ऐंशी. फार नाही,
पलीकडे हायवेवर भाजीचा टेम्पोही
त्याहून जोरात जात असेल.
पण डावीकडे कुणाचा पाय नव्हता.
वळण आलं
आणि ते सगळंच्या सगळं माझ्या वाट्याला आलं.

आज सोमवार, सकाळचे सात.
तांडेलांचा निकेत, पहिला आठवडा,
तळहात घामेजलेले, स्टिअरिंगला टॉवेल गुंडाळून.
पुढे स्पीडब्रेकर.
त्याला दिसलेला नाही.
माझा पाय
थांब म्हटलं.
दिसेल त्याला. अजून जागा आहे.
अजून आहे.

दोघांचीही डोकी टपाला लागली.
तो माझ्याकडे बघतो.
मी खिडकीकडे बघत नाही.