एकास दहा

सातपूरच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं
मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडत आलो,
म्हणून कपाटाच्या दारावर ट्रकचा नकाशा चिकटवला तेव्हा
बायको म्हणाली, आता घरीसुद्धा व्हर्नियर?
हो. घरीसुद्धा.

लष्कराच्या लिलावातला जुना फोर बाय फोर,
देवळालीहून सुटला आणि पेठ-हरसूलच्या जंगलात
सागाचे ओंडके ओढता ओढता म्हातारा झाला.
तो मला हवा होता, एकास दहा,
रिमोटवर चालणारा. खेळणं नव्हे.

कमानीचे पाटे हॅक्सॉच्या तुटक्या पात्यांचे,
एकेक वेगळा तापवून तेलात बुडवलेला.
डिफरन्शियलचा डबा लेथवर काढला, जेवणाच्या सुट्टीत;
शेलार सुपरवायझरनी पाहिलं, आणि पाहिलं नाही.
ताडपत्री मोडक्या छत्रीच्या कापडाची,
कडेला तांब्याच्या तारेच्या चोवीस कड्या.
असतात बावीस, हे नंतर कळलं. दोन उसवल्या.
गंज मिठाने आणला:
तांबड्यावर मीठ, मिठावर लष्करी हिरवा,
वाळल्यावर नखाने एकेक खडा उचकटायचा.
कोरा पत्रा मुद्दाम म्हातारा करताना
हात जरा चाचरतो, इतकंच.

काही गोष्टी मात्र लहान व्हायला तयार नसतात.
बॉनेटवर पाण्याचा थेंब पडला
की लिंबाएवढा होऊन बसून राहतो,
फुटत नाही, ओघळत नाही.
पाण्याला स्केल कळत नाही. मातीलाही.
चहाच्या गाळणीतून तीनदा गाळली
तरी या चाकांना ती खडीच.

सात महिन्यांनी मुनाफचाचांना बोलावलं.
द्वारकेमागच्या गल्लीत राहतात,
त्याच ट्रकवर चौदा वर्षं होते.
चष्मा कपाळावर ढकलून, फरशीला गाल टेकवून
त्यांनी आधी गाडीची खालची बाजू पाहिली,
तेल गळतंय का बघावं तशी.
मग करंगळीच्या नखाने दार उघडलं.
स्टिअरिंगला गुंडाळलेला दोरा, आरशाखाली धण्याच्या दाण्याचं लिंबू,
डॅशबोर्डवरची भेग, जी त्यांनीच सांगितली होती.
"सब बराबर," म्हणाले. दार लावलं. पुन्हा उघडलं.
"लहानू कुठाय?"

लहानू, बाऱ्ह्याकडचा, त्यांचा क्लीनर.
नाव लहानू, उंची सहा फूट.
गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारायचा,
एक म्हणजे येऊ द्या, दोन म्हणजे थांबा.
"त्याच्याशिवाय ही गाडी जंगलात हातभर हलली नाही.
आणि तू सीट रिकामी ठेवलीस.
वर तिला नवं रेक्झिन."

मी हिशेब केला. सहा फूट, म्हणजे अठरा सेंटिमीटर.
एम-सीलचा माणूस केला. मोडला. पुन्हा केला.
तिसऱ्या वेळी तर दाढीसुद्धा काढली.
चाचा म्हणाले, हा कोणी दुसराच.

एप्रिलात गोदेचं पाणी उतरलं,
सोमेश्वरचे काळे कातळ उघडे पडले. तिथे नेली.
पहिल्याच चढावर डावं चाक हवेत,
मोटर कण्हायला लागली, ताडपत्री एका बाजूला झुकली,
आणि मी, चपला कुठेतरी मागे राहिलेल्या,
कमरेत वाकून, रिमोट छातीशी धरून, गाडीच्या मागे मागे:
येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, अजून,
बस, बस.
मोकळा हात कातळावर आपटला. दोनदा.
गाडी थांबली.
थांबवली मीच होती, म्हणा.

चाचा वरच्या दगडावर ओल्या रुमालाने मान पुसत बसले होते.
हसले नाहीत.
बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले,
"थोडा बुटका आहे.
चालेल."