सोळावा सेकंद

पोतं फोडलं तर आत साखरेसारखं काहीतरी.
उर्वे म्हणाली, चाखू नकोस हं,
आणि आम्ही दोघी हसलो, उगाच.
पुलांवरचा बर्फ वितळवायचं मीठ. नवं.
सोबतच्या पत्रात: जुन्यापेक्षा सौम्य.
सौम्य म्हणजे किती, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं,
मिलिग्रॅममध्ये.

तार्तूत बाहेर उणे अठरा.
आत वीस, रात्रंदिवस वीस,
आणि चोवीस बीकरांत
वय एका दिवसाच्या आतलं, अशा
एकशेवीस पाणपिसवा.
स्वल्पविरामाएवढ्या.
भिंगाखाली धरलं तर काळीज दिसतं, आरपार,
एवढं घाईत की मोजता येत नाही.
अठ्ठेचाळीस तास त्यांना खायला घालायचं नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
यांनी कुणाचं काय खाल्लंय?

बाबा पेइप्सीच्या काठी मासे खारवायचे.
पिंपात एक थर मासा, एक थर मीठ,
बोटांच्या भेगांत झोंबायचं, तरी मुठीनंच.
तागडी होती घरात, ती कांद्यांसाठी.
मिठाचं हाताला कळतं, म्हणायचे.
माझ्या हातात पिपेट आहे,
हातावर निळा मोजा,
हाताला काही कळत नाही.

मोजणी चार वाजून दहा मिनिटांनी.
बीकर हलकेच हलवायचा
आणि पंधरा सेकंद पाहायचं.
पोहली तर पोहली,
नाहीतर वहीत: निश्चल.
मेली असं आम्ही लिहीत नाही.
तेवढं ठरवायला आम्ही कोण.

साध्या पाण्यातल्या वीसच्या वीस उड्या मारतायत.
सर्वांत कडक द्रावणाकडे
उर्वेने एकदाच पाहिलं, आकडा लिहिला.
मधली रांग, तिसरा बीकर:
चार तळाशी. आणि पाचवी.
तेरा. चौदा. पंधरा.
उर्वेचं पेन कागदाला टेकलं
आणि ती उडाली,
अर्ध्या नखाएवढी, तिरकी, वर,
जणू कुणी उशिरा हाक मारली.

उर्वेने माझ्याकडे पाहिलं.
मी घड्याळाकडे.
लिही, म्हटलं. निश्चल.

तिला धरून वीसातल्या दहा. बरोब्बर निम्म्या.
अहवालाला हवी असते नेमकी तीच जागा,
जिथे निम्मे थांबतात.
तिला सोडलं असतं तर आकडा थोडा सरकला असता,
थोडासाच,
सौम्यच्या बाजूला.
मग मी कुणाच्या बाजूने होते, ठाऊक नाही.

शेऱ्याच्या रकान्यात उर्वेने पेन्सिलीने
बारीक लिहिलंय: १६.
तो रकाना कुणी वाचत नाही.
मी खोडला नाही.

घरी जाताना पुलावर
कालचं मीठ बुटांखाली कुरकुरत होतं, जुनं,
ज्याची चाचणी कुणी केली होती मला माहीत नाही.
खाली एमायोगी, आमच्या भाषेत आईनदी,
झाकलेली, गप्प.
दाराशी बूट काढले. कातड्यावर पांढरी रेघ.
व्हिनेगर लावून पुसावी लागते.
वाळली की परत दिसते.