नोंदवही

हरिपुरात आमची हळदीची पेवं होती.
आजोबा दिवे लागायच्या आत जेवत,
पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पीत.
त्यांची लेक, सुलोचना मगदूम,
तिकडे तुतिकोरीनला, सरकारी नोकरीत,
समुद्रकाकड्या फॉर्मलिनमध्ये बुडवायची.

"किती जीव मारलेस?"
ती सुट्टीला आली तेव्हा
एवढंच विचारलं त्यांनी.
आत्याने वही पुढे केली.
तारीख, किती वाव खोल, वाळू की चिखल,
शेवटी बेरीज: चार हजार एकशे बारा.
आजोबांनी चष्मा पुसला,
हळदीच्या खात्यासारखं बोट फिरवत
रात्रभर वाचली,
आणि सहाची चूक काढली.

ती निवृत्त होऊन आली, तेव्हा ते नव्हते.
एका प्राण्याला तिचं नाव दिलंय म्हणे,
करंगळीएवढा, डोळे नसलेला.
आम्ही कुणी पाहिला नाही.

दरवर्षी क्षमावणीला
आम्ही गल्लीत घरोघर जातो, हात जोडतो.
आत्या येत नाही.
दार लोटून वही उघडते,
पहिल्या पानापासून, मोठ्याने,
एकेक.
चार हजार एकशे अठरा.
संपेपर्यंत कृष्णेवर अंधार झालेला असतो
आणि तिचं जेवण राहून जातं.