तीन अक्रोड

कबुलीत ऐकलेलं बाहेर सांगू नये.
तीस वर्षं मी ते पाळलं.
पण हिच्या कबुलीत पाप नव्हतंच,
म्हणून सांगतो.

उपासाचा शेवटचा आठवडा. अलाझानीचं खोरं धुक्यात,
चर्चमध्ये मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास.
रांगेत द्राक्षमळ्याचा मुकादम, दोघी शिवणवाल्या बहिणी,
तो ट्रॅक्टरवाला, जो दरवर्षी तेच पाप आणतो
नीट घडी घालून.
सगळ्यांत शेवटी पिक्रिया.
सात वर्षांची, पहिलीच खेप.
माझा गळपट्टा डोक्यावर ठेवला
तर पोर जवळजवळ दिसेनाशीच झाली.
आतून आवाज आला:
"मी मक्वाला आजीच्या झाडाचे अक्रोड चोरले.
तीन."

मक्वालाचं झाड
हिच्या जन्माआधी चार वर्षं तोडलेलं.

बांधावरचं ते झाड कुणाचं, हे ठरवायला
तेलावीहून साहेब आले होते. मला विचारलं.
मला माहीत होतं.
मक्वालाच्या नवऱ्याने रोप लावलं
तेव्हा खड्ड्यात पहिली बादली मीच ओतली होती,
नाक पुसत, पोरवयात.
पण पिक्रियाचा आजा
चर्चच्या छपराला पत्रे देणार होता.
मी म्हणालो, "मला आठवत नाही."
आठवड्यात करवत आली.
पत्रे चांगले निघाले. अजून गळत नाहीत.

गळपट्ट्याखाली पोर वाट पाहत होती.
जिभेला वळण असतं, ती आपणहून बोलली:
"ज्याचं त्याला परत कर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मक्वाला आली.
अकरा वर्षं ती चर्चची पायरी चढली नव्हती,
तेव्हाही चढली नाही.
खालीच उभी राहून तिने मूठ उघडली.
"या पोरीला कुणी पाठवलं?
म्हणते, तुमच्याच झाडाचे."
ती हसत होती की काय, कळेना.
हसण्याच्या कामातून तो चेहरा केव्हाच गेला होता.
मी छपराकडे पाहिलं.

पोरीला गाठून विचारलं.
अक्रोड बाजारचे होते,
तिच्याच घरच्या पिशवीतले.
"मग खोटं का बोललीस?"
"सगळे काहीतरी घेऊन आले होते.
मी रिकाम्या हाताने कशी येऊ?"
"पण अक्रोडच का?"
बुटाने माती उकरत म्हणाली,
"घरी ते नाव घेताना
सगळे हळू बोलतात."

आमच्याकडे वाइनचे रांजण
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात.
धुवायला मोठं माणूस उतरत नाही,
तोंडाशीच खांदे अडकतात.
मग एखादं लहान पोर दोरीने आत सोडायचं,
हातात चेरीच्या सालीचा कुंचा देऊन,
आणि वर कान लावून बसायचं.
आत ते गात असेल तर हवा ठीक आहे.
गाणं थांबलं
की ओढून घ्यायचं.

निष्पाप मन हा आत्म्याचा पाया,
असं मी किती रविवार सांगितलं, हात हलवून हलवून.
पायाखाली काय पुरलंय
ते बघायला मात्र कधी वाकलो नाही.
ही उतरली.
गात होती की नव्हती,
माझं लक्ष नव्हतं.

मक्वालाने अक्रोड फोडले नाहीत.
खिडकीत ठेवलेत, रस्त्यावरून दिसतात.
मला तोच रस्ता आहे.

रात्रीचा पाऊस लागलाय, पत्र्यांवर वाजतोय.
आत एक थेंब नाही.
उद्या तिच्या दारी जायचं.
कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.
नेण्यासारखं एकच वाक्य आहे, जुनंच,
शेवटचा शब्द काढून टाकलेलं.
अंधारात म्हणून बघतो:
मला आठवतं.

खांदे अडकतात.