दोन्हीचा डबा

दत्ताच्या तसबिरीला वाळवी लागली
ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.
मी रोज उदबत्ती ओवाळत होते, डोळे मिटून.
डोळे मिटले की देव दिसतो म्हणतात.
वाळवी दिसत नाही.

काच काढली तर तीनपैकी दोन मुखं गेलेली.
गाय शाबूत. चारही कुत्री शाबूत.
उरलेलं मुख ब्रह्मदेवाचं की महेशाचं
यावर जेवताना वाद झाला.
चाळीस वर्षं भिंतीवर होता
आणि आम्हाला चेहरा ओळखता येईना.
अविनाशभावजी म्हणाले, "वहिनी,
एक तृतीयांश देव घरात ठेवणं बरं नाही."
वीज मंडळात सत्तावीस वर्षं हिशेब तपासले मी,
असा अपूर्णांक कधी समोर आला नव्हता.

माझा विश्वास तसा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा:
कितीही फिरवा, पंखा आपल्याच वेगानं चालतो,
पण उकडायला लागलं की हात तिकडेच जातो.

संध्याकाळी तसबीर पेपरात गुंडाळून
खान नदीच्या पुलापलीकडच्या पिंपळाकडे निघाले,
पदराखाली, चोरीचा माल न्यावा तशी.
तिथे आधीच गर्दी:
ओल धरलेल्या लक्ष्म्या, एक हात नसलेला बाळकृष्ण,
कॅलेंडरातून कापलेली शेरावाली.
एक गृहस्थ स्कूटर चालूच ठेवून उतरले,
मारुती खोडाला टेकवला, कान धरले,
मग तेच हात पँटला पुसले.
मला हसू आलं.
मग माझ्या नखांतली वाळवीची माती दिसली.
तसबीर घेऊन परत फिरले.
रिक्षावाल्यानं काही विचारलं नव्हतं,
तरी त्याला सांगितलं, दुकान बंद होतं.

सकाळी कचऱ्याची गाडी आली, आपलं गाणं वाजवत.
आमच्या रामबागेत दुसऱ्या कडव्यापर्यंत
सगळे जिने उतरलेले असतात;
आरतीची वेळ इतकी कुणी पाळत नाही.
रामकन्याबाईनं काच एकीकडे टाकली,
चौकट दुसरीकडे, चुका तिसरीकडे,
मग तो कागद दोन बोटांत धरून थांबली.
"कागज है कि भगवान, बाईजी?"

ड्रायव्हर हॉर्न देत होता.
समोरच्या गॅलरीतून पागनीसांच्या सूनबाई बघत होत्या.
मी म्हटलं, "दोनों."
"दोनों का डिब्बा नहीं है," ती म्हणाली
आणि कागद परत केला.
पण देताना,
हे मी नीट पाहिलं,
हातमोजा काढून दिला.

आता तो लाइटबिलांच्या फायलीत आहे,
डांबराच्या दोन गोळ्यांसोबत.
दिवा मालवताना मी म्हणते, ह्याला सांभाळ रे.
कुणाला म्हणते
ते भावजींनी अजून विचारलेलं नाही, बरंच आहे.
भिंतीवरच्या खिळ्याला किल्ल्या अडकवल्यात.
बाहेर पडताना त्या काढते
आणि हात आपोआप जोडले जातात, किल्ल्यांसकट.

गुरुवारी रामकन्याबाईनं विचारलं, "तय हुआ?"
मी तिला कोथिंबिरीच्या काड्या दिल्या.
तिनं जुडीचं रबर सोडवलं
आणि माझ्या तळहातावर ठेवलं.