टिचकी

डाव्या कुशीवर वळ. हात उशाशी घे.
जेल गार लागेल, आधीच सांगते.

एकोणीस वर्षांचा. एकशे आठ किलो.
पावलं खाटेबाहेर.
मास्कवर विद्यापीठाचं चिन्ह,
मास्कच्या वर दोन डोळे, छताला लावलेले.
कागदावर नाव कीनन टोलिव्हर.
जुलैत दोन दिवस अंग मोडून आलं, वास गेला,
तिसऱ्या दिवशी याने पन्नास जोर मारले.
"काही नव्हतं ते," म्हणतो.

म्हणूनच तर बोलावलंय.

आमच्या मिरजेत, सतारमेकर गल्लीत
भोपळा निवडताना रसूलचाचा टिचकी मारायचे
आणि मान कलती करायचे.
आत कुठे भेग असली तर
आवाज परत येताना लंगडतो, म्हणायचे.
तेव्हा मला वाटायचं, म्हातारा भाव पाडतोय.
आता आयोवात, एम्सच्या एका तळघरात
मी पगार घेऊन तेच करते.
आवाज आत पाठवायचा,
परत आला की बघायचा.

श्वास सोड. थांब. असाच.

झडप उघडते, मिटते,
कुणी बघत नसतानाही
नीट काम करणाऱ्या माणसासारखी.
भिंत मोजते. बारा मिलिमीटर.
इथेच घोडं अडतं.
पहाटे पाचला लोखंड उचलणाऱ्याची भिंत जाड होते.
सुजलेल्याचीही होते.
यातला घाम किती आणि ताप किती
हे आकड्याला विचारून उपयोग नाही.

तिसऱ्या मजल्यावर तराजू मांडलाय.
एका पारड्यात शनिवारचा सामना,
टीव्हीचा करार, शिष्यवृत्ती
आणि या पोराचा स्वतःचा हट्ट
(तो हलका समजू नका, मी त्याची छाती ऐकलीय).
दुसऱ्या पारड्यात मंगळवारच्या एमआरआयवर
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढुरकं.
कदाचित व्रण.
कदाचित यंत्राची चूक.
"शंभरात किती?" प्रशिक्षकाने फोनवर विचारलं.
डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या,
शंभर जण अजून मोजून झालेत कुठे?

"काही दिसतंय का?"
मला निदान सांगायची परवानगी नाही.
हृदय दिसतंय, मी म्हणते.
तो हसतो,
आणि पडद्यावर सगळं हलतं.
परत. श्वास सोड. थांब.

जेल पुसताना, दोन कागदी रुमालांच्या मधे,
तो आईचं बोलतो.
आत यायला बंदी, म्हणून ती खाली गाडीत.
वॉटर्लूहून आलीय, रात्रपाळी करून, पावणेदोन तास,
दोन्ही अंगांना ऑगस्टच्या वादळाने झोपवलेला मका.
डुक्कर कापायच्या कारखान्यात आहे.
ताप आधी तिला आला होता, एप्रिलमधे.
दहाव्या दिवशी पट्ट्यापाशी परत उभी,
कारण पट्टा थांबत नाही.
"ती ठीक आहे," तो म्हणतो,
"जिन्यात थोडी थांबते, एवढंच."

तिला कुणी डाव्या कुशीवर वळ म्हटलं नाही.
तिच्या भिंतीची जाडी
कुठल्याच शनिवारच्या आड येत नाही.

निकाल शुक्रवारी.
माझा कागद मी वर पाठवला.
पंपाचा जोर पंचावन्न टक्के, भिंत बारा, प्रतिमा बऱ्या.
यात खोटं काहीच नाही
आणि पुरेसंही काही नाही.

दुपारी डबा घेऊन बाहेर आले.
राखाडी पिकअप, काच वर.
बाई स्टिअरिंगवर हात ठेवूनच झोपलेली,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ.
सवयीने श्वास मोजला.
मिनिटाला सव्वीस.
पुन्हा मोजला.

स्टेडियमकडून गर्दीचा आवाज आला आणि मधेच तुटला.
रिकाम्या खुर्च्यांसाठी
टेप लावून बघत होते.

मी काचेवर टिचकी मारली
आणि मान कलती केली.